रिपोर्ट नाही, मग बायपोलर ठरवलं कशावरून?

"डॉक्टरांनी तासभर नुसत्या गप्पा मारल्या आणि बायपोलर सांगितलं. ना एमआरआय, ना रक्ताचा रिपोर्ट. यावर विश्वास ठेवायचा कसा?" हा प्रश्न पेशंटपेक्षा घरचेच जास्त विचारतात, आणि तो रास्त आहे. साखर मोजता येते, रक्तदाब मोजता येतो. बायपोलर हा मन कधी उन्मादात चढण्याचा, कधी डिप्रेशनमध्ये उतरण्याचा आजार, त्याचा असा आकडा आजतागायत कुणाला सापडलेला नाही. निदान होतं ते माणसाच्या आजवरच्या हकिगतीवरून. ती हकिगत किती बारकाईने काढली, यावर निदान किती भरवशाचं हे ठरतं.

मग रक्त काढतात ते कशासाठी? हीच लक्षणं दुसऱ्या कशाने होत नाहीत ना, हे बघायला. थायरॉईडचं प्रमाण वाढलं तरी माणूस अस्वस्थ, बडबडा, निद्रानाशी होतो. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड थेट उन्माद आणू शकतं. आयुष्यात पहिल्यांदा उन्माद पन्नाशीनंतर आला, तर मेंदूचा स्कॅन करून घेणं शहाणपणाचं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कळतं ते) आणि कॅल्शियम बघतात ते लिथियम हे बायपोलरवरचं औषध सोसेल का हे ठरवायला. आणि पुढे दर काही महिन्यांनी होणारी 'लिथियम लेव्हल' म्हणजे आजाराचा रिपोर्ट नव्हे. 'अंगात लिथियम कमी पडलंय' असा समज फार पसरलाय. त्या तपासणीत शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी औषध रक्तात किती उरलंय एवढंच कळतं.

निदानाचे निकष मात्र लिहिलेले आहेत. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी ही आजारांची यादी वापरतात, तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेतली डीएसएम-५ ही मानसिक आजारांच्या निकषांची पुस्तिका २०१३ची. दोन्हींचा गाभा सारखाच, पण डीएसएममध्ये आकडे जास्त काटेकोर आहेत. मॅनिया म्हणजे उन्माद ठरवायला किमान सात दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ, मन चढलेलं किंवा चिडचिडं हवं आणि त्याबरोबर अंगातली शक्तीही वाढलेली हवी. शिवाय सातपैकी तीन लक्षणं: स्वतःबद्दल अवाजवी मोठेपणा, झोपेची गरज कमी होणं, सुटलेली बडबड, विचारांची धावपळ, लक्ष न टिकणं, कामांचा किंवा येरझाऱ्यांचा सपाटा आणि परिणामांची पर्वा न करता केलेली उधळपट्टी किंवा लैंगिक साहसं. मन नुसतं चिडचिडं असेल तर तीनऐवजी चार. ॲडमिट करावं लागलं तर सात दिवसांची अट उरत नाही. असा एक मॅनिया आयुष्यात होऊन गेला असेल तर टाईप वन बायपोलर. त्यासाठी डिप्रेशन आलेलंच असायला हवं असं नाही. टाईप टू मध्ये किमान चार दिवसांचा सौम्य चढ, म्हणजे हायपोमॅनिया, आणि किमान दोन आठवड्यांचं पुरतं डिप्रेशन, दोन्ही लागतात.

खरी गोची या सौम्य चढातच आहे. त्या दिवसांत माणूस झपाट्याने कामं उरकतो, नवा धंदा काढायचं ठरवतो, सगळ्यांना हवाहवासा वाटतो. तक्रार करायला दवाखान्यात जाणार कोण? पेशंट येतो तो डिप्रेशनमध्ये, खाली मान घालून, आणि त्या अवस्थेत त्याला चांगले दिवस आठवतही नाहीत. मग कागदावर साधं 'डिप्रेशन' लिहिलं जातं, नुसती डिप्रेशनवरची गोळी सुरू होते आणि काही जणांत ती गोळीच चढ आणते. योग्य निदानाला काही वर्षं उशीर होतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

म्हणून 'तुम्ही कधी खूप आनंदी असता का?' हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा. आनंदी कोण नसतं? जाणता डॉक्टर झोपेपासून सुरुवात करतो: "असे सलग चार-पाच दिवस कधी गेलेत का, की तीन-चार तास झोपलात आणि तरी दुसऱ्या दिवशी थकवाच नाही?" इथे उत्तर नीट ऐकावं लागतं. 'झोप येत नाही, तळमळतो, दिवसभर डोकं जड' हे काळजीत, डिप्रेशनमध्ये कुणालाही होतं. 'झोपायची गरजच वाटत नव्हती, रात्री दोनला माळा आवरायला काढला' हे वेगळं. मग त्याच आठवड्याबद्दल पुढचे प्रश्न: खर्च किती झाला, कर्ज काढलं का, रात्री-अपरात्री किती जणांना फोन केले, कुणी 'हा असा का वागतोय' म्हणालं का? सगळ्या खुणा एकाच काळात एकत्र सापडायला हव्यात. आज खर्च, गेल्या वर्षी बडबड, अशी बेरीज चालत नाही.

हे सांगायला घरचं माणूस लागतं, आणि कोणतं माणूस याला महत्त्व आहे. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोप उडणं, संशय, भ्रम असं झालं असेल तर तो बायपोलरचा फार मोठा इशारा असतो. पण पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. ओपीडीत नवरा आणि सासू बसलेली, त्यांना पत्ताच नसतो. आणि आईने 'बाहेरचं काही लागलं होतं, उतरवून आणलं' म्हणून विषय संपवलेला असतो. तेव्हा आईलाही बोलवा. घराण्याबद्दल विचारतानाही 'कुणाला मानसिक आजार?' म्हटलं की 'छे छे' येतं. 'कुणी घर सोडून गेलं होतं का, कुणी जीव दिला का, कुणाला शॉक दिले होते का?' असं विचारलं की एखादा काका निघतो.

निदान चुकतं ते दोन्ही बाजूंनी. सकाळी हसतो, दुपारी रडतो, संध्याकाळी भांडतो, म्हणून बायपोलर, हे सर्रास ऐकू येतं. तासातासाला पालटणारा मूड बहुतेक वेळा दुसऱ्या कशाचा असतो, कधी व्यक्तिमत्त्वाच्या अडचणींचा. बायपोलरचे चढउतार दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशेबात चालतात. 'रॅपिड सायकलिंग' म्हणतात तेसुद्धा वर्षात चढाचे किंवा उताराचे चार किंवा जास्त एपिसोड एवढंच. एडीएचडीतली, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजारातली, चंचलता लहानपणापासून अखंड असते, ती अशी येऊन जात नाही. दारू-गांजा असेल तर आधी काय सुरू झालं आणि व्यसन सुटलेल्या काळात मन कसं होतं, हे बघावं लागतं. मन स्थिर असतानाही भास-भ्रम चालूच राहत असतील, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो.

इंटरनेटवर मिळणारी एमडीक्यू ही तेरा प्रश्नांची यादी चाळणीपुरती ठीक. सात किंवा जास्त 'हो' आले म्हणून बायपोलर झाला नाही, आणि कमी आले म्हणून सुटका नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, समाजाच्या रीतीभातीला किंवा धर्मश्रद्धेला धरून न वागणं हा मानसिक आजाराचा पुरावा होऊ शकत नाही. मुलीने जातीबाहेर लग्न ठरवलं, मुलाने नोकरी सोडली, एवढ्यावर निदान मागायला येणाऱ्या घरच्यांना डॉक्टरने नाही म्हणायलाच हवं.

पहिल्या भेटीला जाताना एक आडवा कागद न्या. मधोमध रेघ मारा, तिच्यावर वर्षं लिहा. दहावी, नोकरी, लग्न, बाळंतपण, घरातला मृत्यू अशा खुणा घाला, कारण तारखा कुणालाच आठवत नाहीत, 'ताईच्या लग्नाच्या आधीची दिवाळी' आठवते. चढाचे दिवस रेघेच्या वर, उताराचे खाली, शेजारी झोप किती होती ते. औषध कधी सुरू झालं, कधी बंद केलं, हेही. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा आणा. निदान पहिल्याच भेटीत पक्कं होईल असं नाही. 'सध्या डिप्रेशन म्हणूया, पण लक्ष ठेवूया' असं सांगणारा डॉक्टर टाळाटाळ करत नसतो.

हा सगळा खटाटोप सवड असेल तेव्हाचा. तीन-चार रात्री झोप नाही, कुणाचं ऐकत नाही, गाडी बेफाम चालवतो किंवा जीव द्यायची भाषा करतो, अशी वेळ असेल तर कागद राहू द्या. त्याच दिवशी जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. कुठे न्यावं हेच सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, तिथे मराठीत बोलता येतं.