१९८० सालचा १/१४४ गंडम : जोडरेषा, सांधे आणि पावसाळ्यातला रंग

मागच्या नोंदीत या प्लास्टिक किटचे सगळे भाग रनरवरून, म्हणजे ते ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून, कापून न चिकटवता कोरडी जुळवणी करून पाहिली होती. त्यापुढचे दोन महिन्यांचे काम येथे मांडतो आहे. किट तेच आहे, म्हणजे बांदाई या जपानी खेळणी कंपनीने जुलै १९८० मध्ये ३०० येन किमतीला बाजारात आणलेला पहिला १/१४४ मापाचा गंडम, जपानी कार्टून मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवाची प्रतिकृती. माझ्याकडची प्रत अर्थातच पुढे कधीतरी पुन्हा काढलेल्या उत्पादनातली आहे, पण साचा जुनाच आहे. सगळे भाग एकाच पांढऱ्या प्लास्टिकचे आहेत, ते चिकटवूनच जोडावे लागतात आणि छातीचा निळा, कमरेचा लाल व कपाळावरच्या अँटेनाचा पिवळा हे सारे रंग आपणच द्यायचे असतात.

सुरुवातीलाच एक निर्णय सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. या किटचे पाय लांब करून, कंबर बारीक करून आणि आतले सांधे नव्या किटमधून उचलून त्याला आजच्या गंडमसारखे करणारे अनेक कुशल हौशी आहेत. मी ते करणार नाही. दूरचित्रवाणीवरची मूळ मालिका संपल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत ज्या मुलांच्या हातात हा खोका पडला, त्यांनी पाहिलेली ठेवण मला तशीच ठेवायची आहे. बदल करायचा तो केवळ घडाईच्या सफाईत.

हात आणि पाय प्रत्येकी दोन अर्ध्या कवचांचे बनलेले आहेत. जपानी हौशी अशा रचनेला ‘मोनाका’ म्हणतात, दोन पातळ कवचांमध्ये गोड सारण भरलेल्या त्यांच्या मिठाईवरून. आपल्याला मात्र करंजी आठवावी, कारण कड नीट दाबली नाही तर पुढे सगळे बिघडते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. दोन्ही कडांना प्लास्टिक विरघळवणारे सिमेंट सढळ हाताने लावून अर्धा मिनिट थांबलो आणि मग दाबून धरले, तेव्हा वितळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी सर्व लांबीभर वर आली. ती वरंबी हीच आपली पुट्टी; वेगळे काही भरण्याची गरज बहुतेक ठिकाणी पडत नाही. यानंतर आठवडाभर भागांना हात लावला नाही. घाई केली तर आत ओले राहिलेले प्लास्टिक नंतर आक्रसते आणि रंगावर पुन्हा रेघ उमटते. आठवड्यानंतर ४००, ६०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी पट्टीला चिकटवून, पाणी लावून घासले. नुसत्या बोटाने घासल्यास कडा गोल होतात आणि या किटचा चौकोनी कणखरपणाच हरवतो. राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, पातळ हात दिल्यावर डाव्या पोटरीत दोन खळगे दिसले, ते सुपरग्लूने भरले. सुपरग्लू हवेतल्या दमटपणामुळेच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळ्यात तो फार लवकर धरतो. मात्र रात्रभर तसाच ठेवला तर प्लास्टिकपेक्षा कडक होऊन घासताना भोवतालचाच भाग खोल जातो, म्हणून तासाभरात घासून घेतला.

खरे कसब कोपराशी लागले. सांध्याची खुंटी दोन कवचांमध्ये अडकवून मगच कवचे चिकटवायची, अशी मूळ रचना असल्यामुळे जोडरेषा बुजवल्यावर भाग सुटा करून रंगवता येत नाही. म्हणून खुंटी ज्या गोल भोकात बसते ते एका बाजूने कापून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे केले. आता रंगकाम झाल्यावर हात बाहेरून दाबून बसवता येतो. जपानीत या युक्तीला ‘आतोहामे’ म्हणतात. कापताना फट खुंटीच्या व्यासापेक्षा किंचित अरुंदच ठेवावी, नाहीतर हात लोंबकळतो. या किटमध्ये सांध्यात बसणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या टोप्या, म्हणजे पॉलिकॅप, नाहीत, प्लास्टिकवर प्लास्टिक घासते. तेव्हा रंगाच्या थराला जागा राहावी म्हणून प्रत्येक खुंटी १००० नंबरने हलकेच उतरवली.

चिलखताच्या पत्र्यांमधले जोड दाखवणाऱ्या खाचा आखताना मापाचा विचार सोडू नये, असे माझे आग्रही मत आहे. १८ मीटर उंचीचे यंत्र १/१४४ मापात १२५ मिलिमीटर होते. ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे प्रत्यक्षात ४ सेंटिमीटरहून मोठी फट, आणि चिलखताच्या दोन पत्र्यांमध्ये ती मला विशोभित वाटते. म्हणून खाच कोरायला ०.१५ मिलिमीटरचेच पाते वापरले, आणि नव्या खाचा फक्त ढालीवर व पोटऱ्यांवर घातल्या.

रंगाचा हिशेब मात्र हवेने मांडला. गेल्या वर्षी जुलैमध्ये ठाण्यात एका दुसऱ्या किटवर भर पावसात मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक नसलेल्या पारदर्शक थराचा, स्प्रे डबा मारला आणि निळी छाती दुधाळ झाली होती. द्रावक उडताना पृष्ठभागातली उष्णता ओढून घेतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतले पाणी ओल्या थरावरच धरते. तो पांढुरका पडदा त्याचाच. ग्लॉस क्लिअरचा, म्हणजे चकचकीत पारदर्शक थराचा, पातळ हात दिल्यावर थर पुन्हा विरघळून बराचसा निवळला होता, परंतु कोपऱ्यांत शेवटपर्यंत डाग राहिले. त्यामुळे या वेळी आर्द्रतामापक ६५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच फवारायचे, असा नियम केला आहे. बंद खोलीत आधी दोन तास एसी चालवून ही पातळी गाठता येते. फवारताना मात्र हवा बाहेर फेकणारा पंखा आणि मुखवटा हवाच.

शुद्ध पांढरा कुठेच वापरलेला नाही. पांढऱ्यात निळसर राखाडीचे अगदी थोडे थेंब घालून पाच पातळ हात दिले, आणि कडांपाशी खालचा राखाडी जरासा जाणवू दिला. दोन्ही पाय, डावा हात आणि डोके झाले आहे. उजवा हात, ढाल आणि रायफल बाकी असून ढालीच्या लाल रंगाखाली आधी गुलाबी द्यावा की थेट पांढऱ्यावर लाल, याच्या दोन चाचण्या चमच्यांवर वाळत ठेवल्या आहेत.