'सुसाइड स्क्वाड'चे सुटे अंक आणि अडलेला तेविसावा : माझा अनुभव

'सुसाइड स्क्वाड' या अमेरिकन कॉमिकचे जुने सुटे अंक जमवायला निघाला असाल, तर आधी एवढंच सांगते. कोणी 'पूर्ण संच' म्हणालं की लगेच पैसे भरू नका. अंकांची यादी लिहून मागा आणि त्यात २३ आहे का ते बघा. माझा संच आता पुरा झालाय, पण या एका अंकापायी जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी जमवत होते ती १९८७ ते १९९२ मधली मूळ मालिका, जॉन ऑस्ट्रँडरने लिहिलेली, ६६ अंकांची. बेल रीव्ह तुरुंगातले खलनायक सरकारसाठी जिवावरची कामं करतात आणि जिवंत परतले तर शिक्षेत सूट मिळवतात. हातात स्फोटकाचा पट्टा असतो. पळालात की हात गेला. नवव्या अंकात स्लिपनॉटचा खरंच जातो. या सगळ्यांना मुठीत ठेवणारी अमांडा वॉलर, जिच्याकडे ना कुठली शक्ती ना मुखवटा, दहाव्या अंकात बॅटमनला रिकाम्या हाताने परत पाठवते. त्या काळात सरकारबद्दल इतकं कडू लिहिणारं सुपरहिरो कॉमिक क्वचितच असेल.

बहुतेक अंक गठ्ठ्यागठ्ठ्याने आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते तेविसाव्यावर.

त्याचं कारण असं. १९८८ मध्ये एका गाजलेल्या कथेत जोकरने बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घातली आणि ती चाकांच्या खुर्चीत गेली. ऑस्ट्रँडर आणि त्याची पत्नी व सहलेखिका किम येल यांना हे पात्र असं टाकून दिलेलं पटलं नाही. त्यांनी तिला 'ओरॅकल' म्हणून, संगणकावरून माहिती पुरवणारी म्हणून, परत आणलं. जानेवारी १९८९ च्या २३ व्या अंकात ती पहिल्यांदा येते, तीही फक्त संगणकाच्या पडद्यावरचं एक नाव म्हणून. ती कोण, हे कळतं ३८ व्या अंकात. बस, 'ओरॅकलचं पहिलं दर्शन' हा शिक्का बसला आणि विक्रेते हा अंक संचातून उपसून वेगळा विकायला लागले.

मला शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं. मला बाविसाव्यानंतरचा अंक हवा होता! बाविसाव्यात पथकाचा म्होरक्या रिक फ्लॅग एका सिनेटरला मारायला निघतो, त्याला रोखायची आज्ञा पथकातल्या नेमबाज डेडशॉटला मिळते, आणि डेडशॉट स्वतःच सिनेटरला गोळी घालतो. आज्ञा तंतोतंत पाळली. हे वाचून खाली ठेवल्यावर पुढचा अंकच नसणं काय असतं, ते वाचणाऱ्यालाच कळेल.

ज्याच्याकडून शेवटचा मोठा गठ्ठा घेतला, त्याने जाहिरातीत '१ ते ६६, पूर्ण' असं स्वच्छ लिहिलं होतं. पार्सल उघडून क्रमाने लावत गेले तर २२ नंतर थेट २४. विचारलं, तर उत्तर आलं की महत्त्वाचे अंक संचात धरत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि त्याच निरोपाखाली, तोच २३ वा अंक माझ्याकडे आहे, वेगळा घेणार का, म्हणून किंमत! १ ते ६६ मध्ये २३ येत नाही, हे कुठलं गणित? मी जाहिरातीचा फोटो जोडून अर्धे पैसे परत मागितले. आठवडेच्या आठवडे उत्तर नाही. मग थोडीशी रक्कम परत आली, तीही उपकार केल्यासारखी.

दुसऱ्याने २३ वा अंक 'निअर मिंट', म्हणजे जवळपास नव्यासारखा, म्हणून पाठवला. फोटो फक्त मुखपृष्ठाचा. मलपृष्ठाचा मागितला तर 'आमच्या शब्दावर विश्वास ठेवा'. पैसे परत करण्याची लेखी हमी घेऊनच मागवला. मुखपृष्ठ खरोखर चकचकीत होतं. उलटून बघितलं तर कण्यालगत पाणी शिरल्याचा तपकिरी डाग, त्याची कडा कुरकुरीत झालेली. मधलं पान उघडलं, तर दोन्ही पिना गंजून त्यांचा गंज कागदात उतरलेला. निअर मिंट म्हणजे दहापैकी ९.४; हा तर चारच्याही लायकीचा नव्हता. परत पाठवला, आणि पाठवणीचा खर्चही वसूल होईपर्यंत मागे लागले.

शेवटी मिळाला तो एका जुन्या वाचकाकडून. त्याने स्वतःहून मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा, पिना आणि मधल्या पानाचे फोटो पाठवले आणि लिहिलं, 'फाइन, ६.०, वरच्या कोपऱ्याला घडी आहे.' घडी होती, तेवढीच होती. तो अंक हातात आला तेव्हा मी आधी बाविसावा पुन्हा वाचला, मग तो. मला त्याचा फार अभिमान आहे. तेव्हा, हे पाच फोटो मागा. जो द्यायला कुरकुर करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

मध्येच आठवलं म्हणून सांगते, २७ ते ३० हे अंक नुसते वाचून काही कळत नाही. ती १९८९ ची 'जेनस डायरेक्टिव्ह' कथा आहे, अकरा भागांची. तिचे बाकीचे भाग दुसऱ्या मालिकांत, म्हणजे 'चेकमेट' १५ ते १८, 'मॅनहंटर' १४, 'फायरस्टॉर्म' ८६ आणि 'कॅप्टन अ‍ॅटम' ३० मध्ये आहेत. या अंकांना फारशी मागणी नाही, त्यामुळे दाम कमी, पण शोधाल 'सुसाइड स्क्वाड' नावाने तर सापडायचे नाहीत. तेराव्याचंही तसंच, त्याची जोडी 'जस्टिस लीग इंटरनॅशनल' १३ शी आहे. सुरुवात नीट हवी असेल तर 'लेजंड्स'चा तिसरा अंक आणि 'सीक्रेट ओरिजिन्स' १४ घ्या.

आलेला अंक जुन्या पिशवीतून लगेच काढा. कागद वर्तमानपत्राच्या जातीचा आहे, पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्यातलं आम्ल त्यात उतरतं. आम्लरहित पुठ्ठा आणि नवी पिशवी, एवढा खर्च कराच.

आणि ६६ वर थांबू नका. २०१० मध्ये 'ब्लॅकेस्ट नाइट' या मोठ्या कथेच्या वेळी याच मालिकेचा ६७ वा अंक निघाला, ऑस्ट्रँडर आणि गेल सिमोन यांनी लिहिलेला. जुन्या गठ्ठ्यांत तो कधीच नसतो. २०१० च्या अंकांत शोधा.