तुम्ही विचारलंत म्हणून: न हलता दिशा बदलणारा अँटेना

ओहायोतल्या आमच्या घरी गणपतीला येणारी मंडळी आरती-प्रसाद उरकला की मागच्या अंगणात जातात, मान वर करून खांबाकडे बघतात आणि कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, खिशात मोबाईल असताना हे कशाला? आणि अँटेना लावायचाच होता तर नवा, मोटरवर फिरणारा का नाही घेतलात? पन्नास वर्षांपूर्वीचा हा सांगाडा कशासाठी जपता?" हातात मोदकाची ताटली असताना याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

खांबावर आहे तो 'सुपर स्कॅनर'. अँटेना स्पेशालिस्ट्स या क्लीव्हलँडच्या कंपनीने बनवलेला, म्हणजे आमच्याच राज्यातला. मधल्या खांबाभोवती त्रिकोणात तीन उभ्या दांड्या आणि घरात टेबलावर एक छोटा कंट्रोल बॉक्स. स्विचवर तीन दिशा आहेत. चौथ्या जागेवर तिन्ही दांड्या एकत्र चालतात आणि चहूकडचं ऐकू येतं. दिशा बदलताना वर काहीही हलत नाही.

असली वस्तू लोकांना का हवीशी वाटली, ते त्या दशकाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. २७ मेगाहर्ट्‌झचा सिटिझन्स बँड, म्हणजे सीबी, हा एकमेकांशी बोलायचा रेडिओ पट्टा अमेरिकेत १९५८ साली सर्वसामान्यांना खुला झाला. पण त्याचं खरं वारं सुटलं ते १९७३च्या तेलटंचाईनंतर. डिझेल मिळेना, वेगमर्यादा ताशी ५५ मैलांवर आली. कुठल्या पंपावर तेल आहे, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना रेडिओवरून सांगू लागले. त्यांच्यामागून घरोघरची माणसं आली. खुद्द प्रेसिडेंट फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड 'फर्स्ट मामा' या नावाने सीबीवर बोलत. २३ चॅनेल पुरेनात, तेव्हा १ जानेवारी १९७७पासून ४० झाले.

गर्दी वाढली, पण ताकद वाढवायची मुभा नव्हती. एएमवर ४ वॉट, एसएसबीवर १२ वॉट (आवाज लहरीवर चढवायच्या या पद्धती), त्यापुढे कायदा आड येतो. तेव्हा जी काही करामत करायची ती अँटेनातच. हौशी लोक मूनरेकरसारखे मोठे बीम, म्हणजे एकाच दिशेवर रोख धरणारे अँटेना लावत आणि ते रोटरने, म्हणजे खांबावरच्या मोटरने, फिरवत. सीबीची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणून बीमची एकेक दांडी साडेपाच मीटरच्या आसपास. एवढं धूड वाऱ्यात पेलायचं तर खांब भक्कम हवा, रोटर भक्कम हवा, आणि पूर्ण फेरी व्हायला साधारण मिनिटभर लागतं. तेवढ्यात समोरचा माणूस दोन वाक्यं बोलून गप्प झालेला असतो.

सुपर स्कॅनरसारख्या अँटेनाची युक्ती मला आजही मोहवते. एका दांडीला रेडिओ जोडायचा आणि उरलेल्या दोघींना तिच्यामागे आरशासारखं उभं करायचं. रिफ्लेक्टर व्हायला दांडी थोडी लांब असावी लागते; पण तिन्ही दांड्या तर सारख्याच, कारण प्रत्येकीची पाळी येणार. मग लांबी आणायची कुठून? केबलमधून. कोअ‍ॅक्स केबलचा ठरावीक लांबीचा तुकडा टोकाशी उघडा सोडला, तर तो दांडीला कॉइलसारखा वागतो. तरंगलांबीच्या तीन-अष्टमांश मापाची ५० ओहमची केबल उघडी सोडली की दांडीच्या मध्यावर बरोबर ५० ओहमची इंडक्टिव्ह रिॲक्टन्स, म्हणजे कॉइल देते तसा विरोध, दिसते. दांडी प्रत्यक्षात तेवढीच, पण विजेच्या हिशोबाने लांब झालेली. स्विच फक्त इतकंच ठरवतो की कुठली केबल रेडिओला जोडायची आणि कुठल्या दोन मोकळ्या सोडायच्या. कंपनीनुसार तपशील बदलतात, तत्त्व हेच.

लहरींचा मेळ बदलून दिशा बदलायची ही कल्पना सीबीवाल्यांची अर्थातच नाही. सीबीची लाट यायच्या थोडंसंच आधी, १९७०मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) गोविंद स्वरूप यांच्या गटाने उटीला रेडिओ दुर्बीण उभी केली. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ११ अंशांच्या उतारावर. पूर्व-पश्चिम ती यंत्राने फिरते. उत्तर-दक्षिण मात्र १०५६ डायपोलांमधली (मध्यावर केबल जोडलेल्या साध्या अँटेनांमधली) फेज, म्हणजे लहरींचं मागेपुढे असणं, बदलून नजर वळवते. त्याच कुळातलं एक अगदी लहान भावंड माझ्या अंगणात आहे याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आता मूळ प्रश्न. मी हा जपतो तो लांब बोलण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. रेडिओच्या मीटरवरचा एक एस-युनिट म्हणजे ६ डेसिबेल, म्हणजे चौपट ताकद. तीन दांड्यांचा हा अँटेना समोरच्या दिशेला साध्या डायपोलपेक्षा जे काही जास्त देतो ते माझ्या मीटरवर एका एस-युनिटच्या आतच बसतं. त्या काळच्या जाहिरातींतले डेसिबेलचे मोठे आकडे मी मानत नाही, कारण ते कशाच्या तुलनेत हेच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसे. तुलनेला डायपोल न घेता सगळीकडे सारखीच ताकद टाकणारा कल्पित समदिश अँटेना घेतला, की २.१५ डेसिबेल तिथेच फुकट वाढतात. पाठीमागून येणारा आवाज मात्र दोन-तीन एस-युनिट खाली जातो, आणि खरी कमाई ती आहे. आमच्या एका बाजूला विजेच्या तारा आहेत. दमट हवेत त्यांची घरघर सुरू झाली की त्यात दूरचा क्षीण आवाज बुडून जातो. तारांकडे पाठ होईल असा स्विच फिरवावा, घरघर बसते, आणि तिच्याखाली दबलेला माणूस एकदम स्पष्ट बोलू लागतो. चार वॉट ओतून जे साधत नाही ते गोंगाट कापून साधतं.

दुसरं म्हणजे तुलना. रोटर फिरेपर्यंत आधीचा आवाज कानातून गेलेला असतो. इथे एका शब्दाच्या मध्यात दिशा बदलता येते, त्यामुळे कान शिकतो. १९ नंबरच्या चॅनेलवर आय-७१ने कोलंबसकडे निघालेला ट्रकवाला आधी एका दिशेला ठळक असतो, मग दोन दिशांना सारखा, मग तिसरीकडे सरकतो. तो कुठवर पोचला ते त्याने न सांगता कळतं. गाड्यांचे अँटेना उभे असतात, तेव्हा आपलाही उभाच हवा. आडव्या बीमवर जवळपासचे हे आवाज फार क्षीण पडतात. सौरडागांचा जोर असलेल्या वर्षांत तर दिवसा याच पट्ट्यावर दूरदूरचे देश येतात. सीबीवर १५५.३ मैलांपलीकडे बोलायला असलेली जुनी बंदीही एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, २०१७ साली उठवली.

कुणाला जुना घ्यायचाच असेल तर नळ्यांकडे पाहू नका, ॲल्युमिनियम कुठेही मिळतं. बघायचं ते उन्हाने तडकलेलं प्लास्टिक, पाणी शिरलेल्या केबली आणि कंट्रोल बॉक्स. केबल बदलताना फूटपट्टी लावून चालत नाही: घन पॉलिथिलीनच्या केबलमध्ये लहर हवेतल्या तिच्या वेगाच्या ६६ टक्के वेगाने जाते, फोमच्या केबलमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. त्याच मापाची फोमची केबल लावलीत तर दिशा बिघडणारच. आणि उभारताना विजेच्या तारांपासून लांब राहा, पडला तरी तारेवर पडणार नाही इतके लांब. सीबीचे अँटेना तारांना लागून इतकी माणसं दगावली की १९७८मध्ये अमेरिकेत त्यावर इशाऱ्याची पट्टी सक्तीची झाली.

भारतातून विचारणाऱ्यांना मात्र वेगळं सांगावं लागतं. तिथे २००५च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झला परवान्यातून सूट दिली, पण ५ वॉटपर्यंत आणि यंत्रातच बसवलेल्या अँटेनापुरती. गच्चीवर असला अँटेना लावला तर ती सूट लागू नाही. त्यापेक्षा एएसओसीची, म्हणजे हौशी रेडिओ चालकाच्या प्रमाणपत्राची, परीक्षा द्या, हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना घ्या आणि शेजारच्या १० मीटर पट्ट्यासाठी हा अँटेना स्वतःच बांधा. २८.५ मेगाहर्ट्‌झला पाच-पाच मीटरचे तीन उभे डायपोल लागतील. बांबूला बांधलेली तांब्याची तार चालते. दोन डायपोलांत साधारण दोन मीटर अंतर ठेवा, प्रत्येकाला मध्यावर घन पॉलिथिलीनची २.६ मीटर केबल जोडा आणि तिन्ही टोकं मधोमध एका डब्यात आणा. एक टोक रेडिओकडे, दोन उघडी. पहिल्या दिवशी रिले (विजेवर चालणारा स्विच) सुद्धा नको, हाताने जोड बदलून ऐका.