तुम्ही विचारलंत म्हणून : एका नावाचे दोन पूर्वज

‘इंटरनेटवरच्या वंशवृक्षात आमचे पणजोबा आणि त्यांचे आजोबा ही एकच व्यक्ती होऊन बसली आहे, आता काय करावे?’ हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि माझे पहिले सांगणे नेहमी हेच असते की घाईने काहीही पुसू नका.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असलेल्या घराण्यांत ही गल्लत सहज होते. आमच्याकडे विष्णू महादेव, त्यांचे पुत्र महादेव विष्णू आणि नातू पुन्हा विष्णू महादेव अशी परंपरा आहे, त्यामुळे वडिलांचे नाव जोडूनही आजोबा आणि नातू वेगळे ओळखता येत नाहीत. त्यात धाकट्या विष्णूंच्या जन्मपत्रिकेतले शके 1762 हे कोणीतरी इसवी सन म्हणून भरले. ते खरे 1840च्या सुमाराचे. पण अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे गेल्यामुळे ते थोरल्यांचेच जन्मवर्ष वाटले आणि एका दूरच्या भाऊबंदाने दोन्ही नोंदी एकत्र केल्या. परिणामी मधले महादेव विष्णू एकाच माणसाचे वडीलही ठरले आणि मुलगाही.

अशा वेळी मी आधी घरात आलेल्या सुनांकडे पाहतो. मात्र सासरच्या नावावर विसंबता येत नाही, कारण लग्नात नाव बदलण्याच्या रिवाजामुळे तेही पुन्हा येते. पेशव्यांचेच पाहा : थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई 1772मध्ये थेऊरला सती गेल्या, आणि सवाई माधवरावांची 1783मध्ये झालेली पहिली पत्नीही रमाबाईच, पण थत्त्यांच्या घरची. नुसते ‘माधवराव पेशवे, पत्नी रमाबाई’ एवढे लिहिले, तर कोणते जोडपे ते कसे कळावे? तेथे माहेरचे आडनाव उपयोगी पडते. दुर्दैवाने वंशावळींत नेमके तेच गाळलेले असते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या दोन्ही विष्णूंच्या पत्नी लक्ष्मीबाईच होत्या. त्यांची माहेरे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून उलगडली. तेथे आमच्या घरून गेलेल्यांनी मोडीत भाऊ, मुलगे आणि सासुरवाडी लिहून ठेवली होती. दुसरा आधार श्राद्धतिथीचा मिळाला. मृत्यूचे वर्ष घरात कोणालाच ठाऊक नव्हते, पण एका विष्णूंचे श्राद्ध माघात आणि दुसऱ्यांचे आश्विनात होते, हे आमच्या आत्याबाईंना पाठ होते.

हे सारे कागदावर दोन स्वतंत्र रकान्यांत मांडून झाल्यावरच मी संगणकाकडे वळलो. एकत्रीकरण नुकतेच झाले असेल, तर बदलांच्या इतिहासातून ते मागे घेता येते. आमच्या बाबतीत नंतर बरीच भर पडली होती, म्हणून धाकट्यांची नोंद नव्याने उघडून एकेक नाते आणि एकेक पुरावा तिकडे हलवावा लागला. ज्या दोन मुलांचे वडील कोणते विष्णू हे ठरेना, त्यांना मी कोणाच्याच पदरी घातले नाही. त्या भाऊबंदालाही आधी पत्र लिहून सर्व पुरावे दाखवले, कारण तो वृक्ष त्याचाही आहे.

शेवटी दोन्ही नोंदींवर ‘या भिन्न व्यक्ती आहेत’ अशी खूण करून खाली माहेरे, तिथी आणि शकाची चूक सविस्तर लिहिली. हे टिपण टाळू नका. नावे जुळली की एकत्र करण्याची सूचना पुन्हा पुढे येते, आणि ती पाहणाऱ्याला आपण शोधलेले काहीच माहीत नसते.