शॉपिंगच्या वेळेतला अर्धा तास

ग्रीसमध्ये टूर मॅनेजरला तोंड बंद ठेवण्याचा पगार मिळतो, असं मी नव्या मुलांना सांगतो. तिथल्या किल्ल्यात, संग्रहालयात, अवशेषांत माहिती सांगायचा हक्क फक्त सरकारी परवाना असलेल्या गाइडचा. मग माझ्याकडे काय उरतं? डोकी मोजायची, दुखऱ्या गुडघ्यांना गोट्यांच्या रस्त्यावरून सांभाळून उतरवायचं, जैन जेवण सांगून ठेवायचं आणि घड्याळ बघायचं. क्रूझवर बंदरातली सहल जहाजाकडूनच विकत घेतलेली असेल तर उशीर झाला तरी जहाज थांबतं. आमच्यासारखे, पैसे वाचवायला बाहेरची गाइड ठरवणारे, राहिले तर राहिले. ब्रोशरमध्ये हे कुणी छापत नाही.

ऱ्होड्स बेटावर जहाज व्यापारी बंदरात लागतं, तटबंदीच्या पायाशीच. गाइड आधी ग्रुपला वर ग्रँड मास्टरच्या, म्हणजे मध्ययुगीन सरदारांच्या प्रमुखाच्या, राजवाड्यात नेते. फोटो सगळे मध्ययुग समजून काढतात. पण 1856 च्या दारूगोळ्याच्या स्फोटात तो राजवाडा उडाला होता आणि इटालियनांनी 1937 ते 1940 मध्ये तो पुन्हा बांधला. मग सरदारांची गल्ली, मग मांद्राकी बंदर. तिथे मुखाशी दोन खांबांवर हरणं आहेत आणि प्रत्येक ग्रुपचा एकच प्रश्न असतो, “पुतळा कुठाय?” कोलोसस, म्हणजे सूर्यदेवाचा तो अवाढव्य पुतळा, इ.स.पू. 226 च्या सुमारास भूकंपात पडला, पन्नासेक वर्षंच उभा होता. बंदराच्या दोन टोकांना पाय रोवलेलं ते चित्र नंतरच्या लोकांच्या कल्पनेतलं. फ्रिजवर चिकटवायच्या मॅग्नेटवर मात्र अजून तोच. लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मीच पुतळा लपवून ठेवलाय.

त्यानंतर कागदावर नव्वद मिनिटं ‘शॉपिंग’ असतं आणि जमायची जागा समुद्री घोड्यांच्या कारंज्यापाशी. जागा सोयीची आहे. आइस्क्रीम मिळतं, सावली आहे, बंदराकडचा दरवाजा जवळ आहे.

गेल्या वर्षीच्या ग्रुपमध्ये ठाण्याच्या एक काकू होत्या, एकट्याच आलेल्या. त्यांची आडनावाची पाटी ‘कर’नं संपणारी, बोलणं अलिबागकडचं. ग्रुपनं त्यांना आपापल्या परीनं कुठल्यातरी जातीत बसवून टाकलं होतं. आदल्या रात्री जेवणानंतर त्या माझ्याकडे आल्या. “अरे, उद्या मला सिनेगॉगला जायचंय, आमच्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला. तिथे 1577 चं आहे. आम्ही शनवार तेली.” कोकणातल्या ज्यूंना, बेने इस्रायलींना, हे नाव पडलं, कारण ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. हे मला माहीत होतं. माझ्या ऑफिसात किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

त्यांना एकटीला सोडणं मला पटेना. सकाळी कोचमध्ये मी जाहीर केलं: खरेदीच्या वेळेतला अर्धा तास मी सिनेगॉगमध्ये असेन, यायचं त्यांनी यावं, बाकीच्यांनी कारंज्यापाशी वेळेवर भेटावं. गाइडचे तास मांद्राकीलाच संपले होते. जाताना ती म्हणाली, “ग्रुप मागत नाहीत, म्हणून मी ते घेत नाही.” तिच्या जागी मीही कदाचित हेच म्हटलं असतं.

कारंज्याशेजारीच काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक आहे. ऱ्होड्स आणि कोस या दोन बेटांवरच्या 1604 ज्यूंचं. चौकाचं नावच ज्यू हुतात्म्यांचा चौक. 23 जुलै 1944 ला जर्मनांनी ऱ्होड्सच्या ज्यूंना याच बंदरातून मालवाहू पडावांवर चढवलं, पिरेअसला उतरवलं आणि तिथून आगगाडीनं आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. जिवंत राहिले दीडशेच्या आसपास. तुर्की वकिलातीतले सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिक आणि त्यांचे नातेवाईक म्हणून चाळीसेक जणांना सोडवून घेतलं. यातलं अक्षरही मी तिथे बोलू शकत नव्हतो.

आठ-नऊ पुरुष आणि दोन-तीन बायका मागे आल्या. काहाल शालोम हे ते सिनेगॉग एका गल्लीत आहे, बाहेरून कळतही नाही. आत काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षीदार फरशी, मधोमध वाचनाचा चौथरा. काकूंनी ओढणी डोक्यावरून घेतली आणि आधी शेजारच्या खोल्यांत गेल्या. पूर्वी बायका तिथे बसून प्रार्थना ऐकायच्या. आता तिथे संग्रहालय आहे. भिंतीवरच्या पाटीवर मारल्या गेलेल्या कुटुंबांची आडनावं आहेत. ती सगळी वाचून झाल्यावर त्यांनी टेबलापाशी बसलेल्या माणसाला इंग्रजीत विचारलं, इथे कद्दीश होईल का. तो म्हणाला, दहा पुरुष नाहीत. बेटावर आता मोजकीच ज्यू कुटुंबं राहतात.

आमच्यात साताऱ्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. पूर्ण टूरभर त्यांचा माझ्याशी वेळेवरून वाद. सकाळीही कोचमध्ये “हे कागदावर नाही” म्हणाले होते. तरी इथे आले होते, का ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी मला विचारलं, “काय म्हणाला तो?” मी काकूंकडे बघितलं. काकूंनीच सांगितलं: मृतांसाठीची प्रार्थना, दहा पुरुष लागतात. त्यांनी बोटांवर मोजलं. “आम्ही नऊ, हे टूर मॅनेजर धरून दहा. आम्ही उभे राहिलो तर चालेल?”

“नाही चालत,” काकू म्हणाल्या. “ज्यू पाहिजेत.” मग थोड्या वेळानं, “पण उभे राहा.”

आम्ही उभे राहिलो. त्यांनी कद्दीश म्हटलं नाही, नियम मोडला नाही. तेविसावं स्तोत्र म्हटलं, आधी हिब्रूत, मग मराठीत. टेबलापाशी बसलेला माणूसही उठून उभा राहिला; त्यातलं मराठी त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

जहाज चुकलं नाही. फीडबॅक फॉर्ममध्ये मात्र दोघांनी लिहिलं, ऱ्होड्सला खरेदीला वेळ कमी दिला. एक फॉर्म साताऱ्याच्या काकांचा होता, हे मला अक्षरावरून कळलं. त्यांचं खोटं नाही. वेळ खरंच कमी मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या, आणि मला त्या अजून जुळवता येत नाहीत. ऑफिसनं खुलासा मागितला. मी दिला आणि तो थांबा कार्यक्रमातच घाला असंही लिहिलं. उत्तर आलं, लोक सुट्टीला येतात, त्यांना उदास करायचं नाही.

नव्या हंगामाच्या कागदावर पुन्हा नव्वद मिनिटं शॉपिंग आहे. मी ऑफिसला न विचारता गाइडला लिहिलं, चौकातल्या स्मारकापासूनच सुरुवात करता येईल का, आणि तूच सांग, तुझ्याकडे परवाना आहे. ती हो म्हणाली. फक्त राजवाड्यातली पंधरा मिनिटं कापावी लागतील म्हणते. कापू दे. त्या राजवाड्याला शंभर वर्षंही झालेली नाहीत.