मुंबई–गोवा विमानाने: सव्वा तासाच्या प्रवासाचे पावणेनऊ तास

दक्षिण गोव्यात काणकोणकडे निघालेल्यांनी तिकीट काढण्याआधी हे वाचा.

बुकिंगच्या साइटवर ठळक अक्षरांत नुसतं 'गोवा' लिहिलेलं असतं. त्याखाली बारीक अक्षरांत दाबोळी की मोपा, दोन विमानतळांपैकी कुठला ते. मुंबईहून मोपा हवाई अंतराने साधारण 385 किलोमीटर, दाबोळी 423. म्हणजे मोपा जवळचं! पण ते पेडण्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. तिथून काणकोणातलं पाळोळे, आमचा मुक्काम, रस्त्याने 100 किलोमीटर; दाबोळीहून साठ-पासष्ट.

वेळापत्रकातला सव्वा तास हा गेट सोडल्यापासून पुन्हा गेटला लागेपर्यंतचा. हवेत विमान पाऊण तासच असतं. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे उडायलाही रांग आणि येताना उतरायलाही घिरट्या. एवढं चालतं.

खरा ताप मोपाच्या दाराबाहेर सुरू होतो. ओला-उबर गोव्यात नाहीत. काउंटरवरच्या माणसाने दरपत्रकातल्या पाळोळ्याच्या ओळीवर बॉलपेनने गोल केला आणि कागद आमच्याकडे सरकवला. माणशी विमानभाड्याहून जास्त आकडा! वर 'परतीचं भाडं मिळत नाही हो' हे ऐकवलं ते वेगळंच. धारगळपर्यंतचा नवा रस्ता झकास. मग पर्वरी. उड्डाणपुलाचं काम, धूळ, पुढे ट्रक, मागे ट्रक, एसी बंद करून बसलेला ड्रायव्हर. या एका पट्ट्याने जीव खाल्ला. झुआरीच्या नव्या पुलावर जरा हायसं वाटतं, तोवर मडगाव ओलांडून करमल घाट येतो. पोटात काही असेल तर सांभाळा.

डोंबिवलीतून साडेसातला निघालो, सव्वाचारला खोलीवर. वंदे भारत ठाण्याला सकाळी सहाच्या सुमारास मिळते आणि दुपारी एकच्या पुढे मडगावला सोडते. पुढे पाळोळे तासाभरावर. हिशोब तोच, पैसे कमी. पावसाळ्यात मात्र कोकण रेल्वे वेग कमी करते, तेव्हा हे गणित बिघडतं.

पाळोळ्याचे दिवस मस्त गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

तर, मडगावच्या दक्षिणेला जाणाऱ्यांनी मोपा घेऊच नये. तिकीट हजार रुपयांनी स्वस्त दिसलं तरी नाही. तो हजार टॅक्सीत व्याजासकट जातो. मोरजी-हरमलवाल्यांनी आणि बांदा-सावंतवाडीच्या चाकरमान्यांनी खुशाल मोपाच घ्यावं, त्यांच्यासाठी ते अंगणात आहे. मोपाचं तिकीट आधीच काढून बसला असाल तर कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, इलेक्ट्रिक बस पकडा, मडगावला उतरा आणि तिथून काणकोणची बस धरा. वेळ जाईल, पण टॅक्सीच्या मानाने भाडं किरकोळ. पर्वरीचं काम चालू असेल तोवर परतीला त्यासाठी एक तास जादा धरा. आम्ही धरला होता, तो पुरता संपला.