हीट नंबर आणि युद्धनौका

ओतकाम विभागातून आलेल्या पोलादाच्या प्रत्येक तुकड्यावर एक क्रमांक ठोकलेला असतो. कारखान्यात त्याला हीट नंबर म्हणतात. भट्टीतून एका वेळी वितळलेल्या धातूचा जेवढा रस ओतला जातो, तेवढ्या सगळ्या मालाचा हा एकच क्रमांक असतो आणि त्यावरून त्या रसाचे रासायनिक प्रमाण, त्याच्या नमुन्यांच्या चाचण्या आणि त्या चाचण्यांच्या कागदांवरच्या सह्या यांपर्यंत मागे जाता येते. जहाजांसाठी व्हॉल्व बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी काही वर्षे होतो. त्या काळात एका व्हॉल्वच्या बॉडीवरचा क्रमांक ग्राइंडिंगमध्ये पुसला गेला. बॉडी निर्दोष होती, पाण्याच्या दाबाची चाचणी तिने पार केली होती आणि आतले दोष दाखवणाऱ्या रेडिओग्राफीच्या फिल्मवरही काही दिसत नव्हते. तरीही नौदलाच्या निरीक्षकांनी ती बाजूला काढली. ‘साहेब, ती त्याच हीटची आहे, शेजारच्या पाचही बॉड्यांवर नंबर आहे,’ असे मी म्हणालो. ‘असेलही, पण ते तुम्हाला दाखवता येत नाही,’ एवढेच ते म्हणाले.

तेव्हा मला हा अतिरेक वाटला होता. पुढे थ्रेशर या अमेरिकन पाणबुडीविषयी वाचले आणि तो अतिरेक नव्हता, हे पटले.

थ्रेशर १० एप्रिल १९६३ रोजी अटलांटिक महासागरात, दुरुस्तीनंतरच्या खोल बुडीच्या चाचणीत, १२९ जणांसह बुडाली. चौकशीतून पुढे आलेला सर्वांत संभाव्य घटनाक्रम असा होता की, इंजिन कक्षातील समुद्राच्या पाण्याच्या नळाचा एक जोड निखळला, उडालेल्या पाण्याने विद्युत यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली आणि वर येण्यासाठी टाक्यांतील पाणी बाहेर ढकलणारी दाबाखालची हवा आतल्या ओलाव्याचे बर्फ झाल्याने अडली. नळांचे हे जोड चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझिंग करून, म्हणजे तो वितळवून सांध्यात भरून, केलेले होते. शेवटच्या गोदी-मुक्कामात त्यांपैकी १४५ जोड अल्ट्रासॉनिक म्हणजे ध्वनिलहरींच्या पद्धतीने तपासले गेले आणि सुमारे १४ टक्के दर्जात उतरले नाहीत. उरलेले कितीतरी जोड तसेच राहिले. जोड करणारा कारागीर, गोदी आणि नौदल यांच्यापैकी कोणीही वाईट हेतूने वागले नव्हते, पण त्या न तपासलेल्या जोडांचे काय, हा प्रश्न जिथे विचारला जायला हवा होता तिथे विचारला गेला नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांत अमेरिकन नौदलाने सबसेफ ही पद्धत सुरू केली. पाणबुडीच्या कवचाला किंवा पाण्याबाहेर येण्याच्या क्षमतेला ज्या भागांवर अवलंबून राहावे लागते, त्या प्रत्येक भागाचा धातू, त्यावरचे काम आणि त्याची चाचणी यांचा प्रत्यक्ष पुरावा हाती असल्याशिवाय पाणबुडीला खोल जाण्याची परवानगी नाही, हा तिचा गाभा आहे. या पद्धतीने प्रमाणित झालेली एकही पाणबुडी आजवर गमावलेली नाही. १९६८ मध्ये बुडालेली स्कॉर्पियन पूर्णपणे प्रमाणित झालेली नव्हती.

नौदल आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी बोलताना करार, रकमा आणि जलावतरणाची छायाचित्रे यांचीच चर्चा अधिक होते. माझ्या मते हे सहकार्य टिकते ते एका गोष्टीवर: आपण काय विकत घेत आहोत याची जाण नौदलाने स्वतःकडे ठेवली आहे की नाही. ज्याला वेल्डिंग समजत नाही तो चांगला ग्राहक होऊ शकत नाही, आणि ग्राहक जाणता नसेल तर प्रामाणिक पुरवठादारही हळूहळू चुकू लागतो, कारण त्याला वेळेवर अडवणारे कोणी उरत नाही.

ब्रिटनच्या अस्ट्यूट वर्गाच्या पाणबुड्यांची हकिकत याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. पहिल्या तीन पाणबुड्यांचा करार १९९७ मध्ये झाला. त्यापूर्वी खर्च वाचवण्यासाठी संरक्षण मंत्रालयाने आरेखनाची जबाबदारी मोठ्या प्रमाणात कंत्राटदाराकडे सोपवली होती आणि स्वतःकडचे तज्ज्ञ कमी केले होते. याच सुमारास आधीच्या व्हॅन्गार्ड वर्गाच्या पाणबुड्यांचे काम संपत आले होते, पुढची मागणी लांबली होती आणि या पाणबुड्या बांधणाऱ्या, इंग्लंडमधील बॅरो येथील गोदीतील मनुष्यबळ १३ हजारांच्या घरातून ३ हजारांच्या आसपास आले होते. म्हणजे पाणबुडी कशी मागायची हे ज्यांना ठाऊक होते ते मंत्रालयातून गेले आणि ती कशी बांधायची हे ज्यांना ठाऊक होते ते गोदीतून गेले. त्यात संगणकावर त्रिमितीय आरेखन करण्याची नवी पद्धत आली, जी तेथे पुरेशी रुळलेली नव्हती. २००२ पर्यंत काम इतके अडले की पुढच्याच वर्षी करार नव्याने बांधावा लागला आणि अमेरिकेतील इलेक्ट्रिक बोट या कंपनीचे अभियंते मदतीला आणावे लागले. पहिली अस्ट्यूट नौदलात दाखल झाली ती २०१० मध्ये.

बॅरोमध्ये जे घडले ते मी लहान प्रमाणावर पाहिले आहे, म्हणून ते मला जवळचे वाटते. नौदलाची मागणी येते ती पंचवीस-तीस नगांची, आणि नंतर कित्येक वर्षे काहीच येत नाही. तेवढ्यासाठी कारखान्याने वेगळे साचे करायचे, वेगळी कागदपत्रे ठेवायची आणि त्या धातूचे वेल्डिंग करण्याची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले दोन-तीन वेल्डर सांभाळायचे. ठरावीक मुदतीत ते काम केले नाही तर ती पात्रताही संपते. पुढची मागणी येईपर्यंत त्यांतला एक निवृत्त झालेला असतो आणि दुसरा चांगल्या पगारावर दुसरीकडे गेलेला असतो. त्यामुळे पुरवठादाराला थोडे का होईना पण सलग काम हवे असते. नौदलांना हे कळत नाही असे नाही, पण अर्थसंकल्प वर्षाच्या हिशोबाने चालतो आणि वेल्डरचा हात तयार व्हायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून मला भारताच्या विक्रांत या विमानवाहू नौकेचे पोलाद फार महत्त्वाचे वाटते. युद्धनौकेचे पोलाद नुसते मजबूत असून भागत नाही. स्फोटाच्या धक्क्याने ते काचेसारखे तडकता कामा नये, थंड पाण्यातही ते वाकावे पण फुटू नये, आणि गोदीत रोजच्या रोज वेल्डिंग करता येईल इतके ते सोपेही हवे. याची परीक्षा पाहायला साधी दिसते. खाच पाडलेली बोटभर जाडीची पट्टी थंड करून यंत्रात ठेवतात, वरून जड लोलक सोडतात आणि ती मोडताना लोलकाची किती ऊर्जा खर्च झाली ते मोजतात. मोडलेल्या तोंडावर धागेदार, मळकट करडा पृष्ठभाग दिसला तर अभियंता समाधानाने पुढे जातो. दाणेदार चमक दिसली तर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

असे पोलाद पूर्वी रशियाकडून येत असे. ते मिळणे कठीण झाल्यावर हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळा, भारतीय नौदल आणि स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडिया यांनी मिळून डीएमआर २४९ए ही जात तयार केली. तिच्या वेल्डिंगसाठी लागणारे इलेक्ट्रोडही वेगळे बनवावे लागले, कारण पोलादाइतकाच जोडही कणखर हवा. विक्रांतसाठी भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून सुमारे ३० हजार टन विशेष पोलाद गेले. नौकेचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये कोचीन शिपयार्डमध्ये बसवला गेला आणि ती २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. एवढा काळ लागला हे खरे आहे आणि त्याबद्दल टीकाही योग्यच आहे. पण त्या काळात घडवलेले पोलाद विक्रांतपुरते राहिले नाही, ते कामोर्ता वर्गासारख्या इतर नौकांतही वापरले गेले. हे साधले त्याचे एक कारण असे की, भारतीय नौदलाने १९६० च्या दशकापासून स्वतःचे आरेखन कार्यालय चालवले आहे. प्रयोगशाळेला नेमके काय हवे ते सांगणारी आणि कारखान्याने दिलेल्या निकालांवर प्रतिप्रश्न करणारी माणसे नौदलाच्याच गणवेशात होती.

मात्र जाण असणे याचा अर्थ सतत बदल सुचवत राहणे असा होत नाही. अमेरिकेच्या कॉन्स्टेलेशन वर्गाच्या फ्रिगेट युद्धनौकांसाठी फ्रेम (FREMM) या तयार युरोपीय नौकेचा आराखडा निवडला होता आणि त्यात फारसा फरक करायचा नाही असे ठरले होते. बदल साचत गेले, वजन वाढले, आराखडा पूर्ण होण्याआधीच २०२२ मध्ये बांधणी सुरू झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या दोन नौका वगळता पुढचे काम सोडून दिल्याचे जाहीर झाले. ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांवर उष्ण हवामानात वीज जात असे. २०१६ मध्ये संसदीय समितीपुढे यंत्रे पुरवणाऱ्यांचे म्हणणे असे होते की, नौका ज्या परिस्थितीत वापरल्या गेल्या ती ठरलेल्या अटींपेक्षा वेगळी होती. शेवटी पूर्ण झालेल्या नौकांची बाजू कापून दोन डिझेल जनित्रांच्या जागी तीन मोठी जनित्रे बसवण्याचे काम हाती घ्यावे लागले. समुद्र किती तापेल, हा प्रश्न पहिल्या बैठकीत दोघांनीही एकमेकांना पुन्हा पुन्हा विचारायला हवा होता.

आमच्या त्या व्हॉल्वच्या बॉडीचे पुढे काय झाले, तर ती भंगारात गेली. नवी ओतायला, उष्णता संस्कार करायला आणि सगळ्या चाचण्या पुन्हा करायला सहा आठवडे गेले आणि तेवढ्यासाठी पूर्ण खेप अडकून पडली. नवी बॉडी आली तेव्हा ग्राइंडिंगवर काम करणाऱ्या एका जुन्या कामगाराने काही न बोलता पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि हीट नंबरभोवती ठळक चौकोन काढला, म्हणजे मशीनवर बसणाऱ्याला तो दुरूनच दिसावा. पुढच्या तपासणीला निरीक्षक आले, त्यांनी चौकोनावरून बोट फिरवले आणि हे कोणी केले, असे विचारले. मी त्या कामगाराकडे बोट दाखवले. ते त्याच्याजवळ गेले आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत उभे राहिले.